पहिलं गाठोडं

३ तारीख, सोमवार

मला नोकरी लागली. हे एक वाक्य लिहायचं म्हणून ही नवी वही काढली. कमावत्या माणसाची रोजनिशी असावी असं माझं मत आहे, आणि आजपासून मी कमावती झाल्यामुळे माझ्या मताला जरा किंमत आली आहे.

लॉन्ड्री आमच्या रस्त्याच्या टोकाला, पुलाच्या अलीकडे. बाहेरून बघण्यासारखं काही नाही, एक निळं दार आणि वाफेने धुरकटलेली काच. आत गेलं की साबणाचा आणि गरम कापडाचा वास. हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे टॉवेल, लोकांचे शर्ट. मागच्या भिंतीला मोठी यंत्रं आहेत आणि त्यांच्यापुढे जमिनीवर पिवळा पट्टा मारलाय. मालकीणबाईंनी सगळ्यात आधी तो पट्टा दाखवला. त्याच्या पलीकडे मी पाऊल टाकायचं नाही. अठरा पूर्ण होईपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही, संध्याकाळनंतर थांबायचं नाही, मधली सुट्टी घ्यायचीच आणि काम हलकंच करायचं. कायद्याचा तक्ता त्यांनी काचेत लावून टांगलाय आणि तो त्यांना तोंडपाठ आहे. माझा जन्मदाखला उजेडात धरून चौदा पूर्ण झाल्याची खात्री केली आणि म्हणाल्या, आमच्याकडे मुलांच्या अंगावर ओझं पडत नाही. मला फार बरं वाटलं. नोकरी म्हणजे छळच असतो असं उगाच लोकांनी करून ठेवलंय.

अडचण एकच होती. घरचं मोठं माणूस सोबत आणा म्हणाल्या. आता आईला विचारण्यात काही अर्थ नव्हता. वाढदिवस झाल्याझाल्या विचारून पाहिलं होतं. आईला माझ्याहीपेक्षा लहान वयात सुताच्या गिरणीत घातलं होतं, तिची पाठ तेव्हापासूनची वाकलेली. ती म्हणाली, मी वाकले तेवढं या घराला पुरे, तू शाळा शिक. विषय संपला. आई दिवसभर ऑफिसांच्या फरशा पुसते आणि संध्याकाळी कॅन्टीनची भांडी घासते. आम्हाला ती मिळते ती अर्धी झोपलेली. मला एवढंच हवंय की तिची ती संध्याकाळची पाळी सुटावी आणि तिने आमच्यासोबत बसून जेवावं. म्हणून तिला सांगितलं की वाचनालयात सुट्टीचा वर्ग आहे. थाप आहे, कबूल. पण चांगल्यासाठी मारलेली आहे.

तर मी शेपटाला घेऊन गेले. शेपूट म्हणजे माझा भाऊ, वय वर्षं सात. मी जाईन तिथे मागे येतो म्हणून हे नाव मीच ठेवलं, आणि आता शाळेत खरं नाव पुकारलं तर तो वळूनही बघत नाही. बाईंना सांगितलं की वडील नाहीत (हे खरं) आणि आई अंथरुणाला खिळलेली आहे (हे नाही), घरचा म्हणाल तर हा एकटाच. बाईंनी बराच विचार केला. मग समजावून सांगितलं की त्यांच्या सासूबाईंपासून इथे एक रीत आहे. मूल कामाला लागलं की पहिल्या दिवशी घरच्या माणसाने त्याच्या हातातलं पहिलं गाठोडं स्वतः उचलून घ्यायचं आणि तोंडाने म्हणायचं, हिच्या कामाचं ओझं आमचं. ते गाठोडं मग वरच्या फळीवर ठेवतात, नोकरी असेपर्यंत. रीत आहे, बाकी काही नाही, असं त्या म्हणाल्या. शेपटाकडे वाकून विचारलं, झेपेल का रे.

त्याला असं विचारलं म्हणजे झालंच. पांढऱ्या कापडात बांधलेलं टॉवेलांचं गाठोडं माझ्या हातून घेऊन त्याने पोटाशी धरलं. मागून फक्त दोन कान दिसत होते. आणि स्वारीने सांगितलेलं वाक्य न म्हणता स्वतःचं म्हटलं: ताईचं सगळं ओझं माझं, रोजचं. मला इतकं हसू आलं की भिंतीला टेकावं लागलं. बाई मात्र हसल्या नाहीत. गाठोडं त्याच्याकडून घेतलं, फळीवर चढवलं आणि मला कामाला लावलं.

मी कामावर असताना शेपूट आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिवणमावशींकडे राहील. त्यांना मशीनवर बसल्याबसल्या बडबडायला कुणीतरी लागतंच.

४ तारीख, मंगळवार

काम असं: आलेल्या गाठोड्यांच्या गाठी सोडायच्या, कपडे रंगाप्रमाणे वेगळे करायचे, खिसे उलटे करून बघायचे. लोक खिशात काय काय विसरतात याला सीमा नाही. आज एका कोटाच्या खिशात दातांची कवळी निघाली. मग ओले टॉवेल टोपलीत घालून दोरीवर वाळत टाकायचे, वाळलेले आत आणायचे. दिवसभर उभंच राहायचं.

मला वाटलं होतं संध्याकाळी पाय मोडून पडतील. काही नाही. निघाले तेव्हा सकाळी आले होते तशीच ताजी. घरापर्यंत पळत गेले आणि जिनाही पळतच चढले. मी जन्मजात कामसू असणार, इतके दिवस कुणाला संधी मिळाली नव्हती एवढंच.

शेपूट मावशींच्या चिंध्यांच्या ढिगावर बूट घालूनच झोपला होता. उचलून वर आणला. जेवतानाही घास तोंडात धरून पेंगत होता. मावशींच्या बडबडीने माणूस दमतो हे मला माहीत आहे.

६ तारीख, गुरुवार

आज वाफेच्या नळीला हात लागला. नळी पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडूनच जाते, त्यामुळे कायदा मोडला नाही. चांगली सणसणीत तापलेली होती, वर पाणी पडलं तर चर्र होत होतं. मी हात झटकला आणि पाहिलं तर काहीच नाही. लालसुद्धा झालं नाही. मालकीणबाई लांबून बघत होत्या. मग पुन्हा शर्टांकडे वळल्या.

घरी आले तर शेपटाच्या तळव्यावर आडवा लाल चट्टा, फोड आलेला. मावशी घाबरून सांगत होत्या की तो खिडकीशी बसून चित्र काढत होता आणि एकदम किंचाळला, आसपास इस्त्री नाही की शेगडी नाही. मी मावशींसमोर त्याला फैलावर घेतलं. शेगडीशी खेळलास आणि वर खोटं बोलतोस म्हणून चांगला झापला. त्याने मलम लावू दिलं, आणि मग मला विचारलं, तुला लागलं नाही ना.

मी म्हटलं, मला कशाला लागेल. तर हसला.

८ तारीख, शनिवार

कामगार खात्याचे साहेब तपासणीला आले होते. जाडा चष्मा, काखेत पिशवी. माझं वय विचारलं, वेळा विचारल्या, सुट्टी मिळते का विचारलं. मग हात पुढे करायला सांगून तळवे उलटेसुलटे करून पाहिले. म्हणाले, इतक्या वर्षांत कामावरच्या मुलीचे इतके मऊ हात पाहिले नाहीत, सगळ्यांनी या बाईंचा आदर्श घ्यावा. बाईंनी मान खाली घातली. मला वाटलं लाजल्या.

मी तर हवेतच. पण त्या नादात कुणाचा तरी पांढरा शर्ट लाल मोज्यांत टाकला आणि बाईंनी सगळ्यांदेखत बोलून घेतलं. एरवी मी अशी आहे की कुणी नुसतं डोळे मोठे केले तरी माझं नाक लाल होतं. आज काहीच वाटलं नाही. उभी राहून ऐकलं आणि पुढचं गाठोडं सोडलं. मोठी झाले बहुतेक.

घरी आल्यावर मावशी म्हणाल्या, तुझा भाऊ आज दुपारी बसल्याबसल्या हमसून हमसून रडला, का ते त्यालाही सांगता येईना. आई आठवली असेल. मी त्याला आंघोळ घातली तेव्हा त्याचे हात खरखरीत लागले. बोटांच्या पेरांवर भेगा पडल्या आहेत. माती उकरतोस का रे उंदरा, म्हणून मी त्याला गुदगुल्या केल्या. तो अंग चोरून बसला. पाठ दुखते म्हणाला. सात वर्षांच्या माणसाला कसली आलीये पाठ, असं म्हणून मी टाळलं.

१० तारीख, सोमवार

आज बाईंकडे जास्तीचं काम मागितलं. वेळ वाढवून देणार नाही, कायद्यात बसत नाही, असं ठामपणे म्हणाल्या. मग मी म्हटलं, वेळ तेवढीच ठेवा, पण ओल्या चादरी मला द्या, टॉवेलांनी माझं काय होतंय. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे. विचारलं, भाऊ कसा आहे. मी म्हटलं, मजेत आहे. मग हो म्हणाल्या.

ओली चादर म्हणजे काय वजन असतं ते मोठ्या बायकांना विचारा. मी टोपल्याच्या टोपल्या नेल्या. दोरीपाशी उन्हात उभं राहून चादरी झटकताना इतकं छान वाटत होतं की मी गाणं म्हणत होते. अशीच राहिले तर आईची संध्याकाळ लवकरच सुटेल. तिला सांगायचं कसं याचा मी सरावही करून ठेवलाय. आधी जेवायला बसवायचं, मग सांगायचं.

शेपूट जेवला नाही. जिना चढताना प्रत्येक पायरीवर कठड्याला धरून थांबत होता. मी पुढे पळाले होते, वरून हाक मारत होते की चल की गोगलगायी. तो वर मान करून म्हणाला, आलो ताई. आवाज जड होता.

१२ तारीख, बुधवार

आईने आज दिवसाची अर्धी रजा काढून त्याला डॉक्टरकडे नेलं. मलाही नेलं.

डॉक्टरांनी त्याची पाठ पाहिली, गुडघे पाहिले, हात हातात घेऊन बराच वेळ बसले. मग आम्हा दोघांना बाहेर पाठवलं. पण दार पातळ होतं. ते आईला विचारत होते की तुम्ही या मुलाला कुठे कामाला लावलंय, हे हात पाण्यात आणि ओझ्याखाली वर्षानुवर्षं राबलेल्या माणसाचे आहेत, तुमच्याविरुद्ध तक्रार करावी लागेल.

माझी आई. जिने मला शपथ घालून शाळेत ठेवलं, तिला हे ऐकावं लागलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा कुणी तोंडात मारल्यासारखा होता. घरी येऊन मावशींशी भांडली, माझ्या पोराकडून काय करून घेता म्हणाली. मावशी बिचाऱ्या रडायला लागल्या. मी तिथेच उभी होते आणि गप्प होते. माझ्या पोटात गोळा यायला हवा होता. आला नाही. शेपूट मात्र पोट धरून खाली बसला.

मग आईने त्याला मांडीवर घेतलं. त्याचा हात आपल्या हाताशेजारी ठेवून बघत राहिली. दोन्ही हात सारखे होते. एक लहान, एवढाच फरक.

१३ तारीख, गुरुवार

जायला नको वाटत होतं तरी गेले. औषधं आणायची तर नोकरी हवीच.

घड्या घालणाऱ्या काकू सुट्टीवरून आल्या आहेत. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. कमरेत काटकोनात वाकलेल्या, पण जीभ एकदम सरळ. आल्याआल्या माझी फिरकी घेतली की ही कोण राजकन्या, घाम पण येत नाही हिला. चादरीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन मी, आणि त्या सांगायला लागल्या की त्यांची मुलगीही माझ्या वयाची असताना इथे होती, तीसुद्धा कधी दमली नाही. गाठोडं मी उचललं होतं ना तिचं, असं अगदी सहज म्हणाल्या. संध्याकाळी ती उड्या मारत घरी यायची आणि मी चुलीपाशी आडवी. आईचं कामच ते, म्हणाल्या. मोठ्या माणसाला झोप काढली की उतरतं, राहतं ते कंबरेत राहतं.

मी हातातलं टोक सोडलं नाही. विचारलं, म्हणजे काय.

त्यांनी उलट विचारलं, तुझं कुणी उचललं, आईने ना.

मी सांगितलं.

काकूंनी त्यांच्या बाजूची चादर खाली ठेवली. मी लॉन्ड्रीत इतके दिवस काढले, स्वच्छ चादर जमिनीवर ठेवलेली कधी पाहिली नव्हती. मग मालकीणबाईंकडे गेल्या आणि हळू आवाजात बोलत राहिल्या. बाई एवढंच म्हणाल्या, तेही मला ऐकू यावं असं, की मी त्याला विचारलं होतं, तो हो म्हणाला. मुलीच्या अंगावर ओझं पडू नये असा कायदा आहे, आणि मी तो पाळला. तो काही माझ्याकडे कामाला नव्हता.

१४ तारीख, शुक्रवार

गेले नाही. आता कधीच जाणार नाही. घरीच बसणार, म्हणजे त्याच्यावर काही पडणार नाही.

सकाळी नळाचं पाणी गेलं म्हणून खालून बादली आणली. वर आले तर तो पलंगावर दोन्ही हातांनी खांदा दाबून बसला होता. धापा टाकत होता.

मी बादली खाली ठेवली. त्याचा खांदा सैल झाला.

पुन्हा उचलली, अगदी थोडी. बघायला म्हणून. देवा, मी बघायला म्हणून उचलली —

मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि दंडाला चिमटा काढला. जोरात. मला काही झालं नाही. पलीकडून तो कळवळला.

सगळं म्हणाला होता तो. ताईचं सगळं ओझं माझं. इतर घरची माणसं फक्त कामाचं म्हणतात. आणि मी हसले होते.

१५ तारीख, शनिवार

आईला सांगितलं. लॉन्ड्री, थाप, गाठोडं, सगळं. वाटलं होतं ती म्हणेल काहीतरी बरळतेस. तिने शेपटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शाल घेतली. मला मारलं नाही. मारलं असतं तर त्यालाच लागलं असतं, हे तिला लगेच कळलं होतं.

लॉन्ड्रीत ती थेट फळीपाशी गेली. स्टूल ओढून वर चढली, गाठोडं काढलं, छातीशी धरून म्हणाली, माझं आहे, माझ्या मुलीचं ओझं माझं. काकू डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या की असं नाही होत गं बाई. ज्याने घेतलं त्याने आपल्या हाताने दुसऱ्याच्या हातात द्यायला हवं, स्वतःच्या मनाने.

मालकीणबाई आत गेल्या होत्या. आतून दार लावून घेतलं होतं.

येताना गाठोडं आईने आणलं. मला ती काही उचलू देत नाही. चप्पलसुद्धा तीच घालते माझ्या पायात.

१६ तारीख, रविवार

तो देत नाही.

आई त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली आहे. हात पसरून. तिने समजावलं, लाडीगोडी लावली, शेवटी हात जोडले. दे राजा, आईला दे. गाठोडं त्याच्या मांडीवर आहे आणि तो त्यावर हनुवटी टेकवून नुसती मान हलवतो. म्हणतो, आई तू आधीच दमतेस.

मी म्हटलं, मग मला दे. माझंच आहे ते.

तर म्हणाला, मग तू पळत घरी येणार नाहीस.

त्याला माहीत होतं. सुरुवातीपासून. तो मावशींच्या खिडकीत बसून माझी वाट बघायचा आणि मी पळत येताना दिसले की त्याला कळायचं, आपण नीट उचलतोय. आईला त्याने हे अगदी समजावून सांगितलं, मोठ्या माणसासारखं. ताई तिकडे कामाला जाते आणि मी इकडे. ही माझी नोकरी आहे.

आई बाहेर गेली. जिन्यात बसून रडली. मला आवाज येत होता.

मला रडू येत नाही. त्याचे डोळे मात्र सारखे पाझरतात. त्याला वाटतं धूर आहे.

१७ तारीख, सोमवार

तो झोपेत असताना आईने गाठोडं त्याच्या हातातून काढून पाहिलं. काही झालं नाही. तो उठला, शोधायला लागला. परत द्यावं लागलं.

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, झिजलाय. दुसरा शब्द त्यांना सापडला नाही.

कानामागचे केस पांढरे —

१८ तारीख, मंगळवार

मी पडून राहते. हलत नाही. चालले तर त्याचे पाय. काही आठवून वाईट वाटून घेतलं तर त्याची छाती. म्हणून वाईट पण वाटून घ्यायचं नाही. छताकडे बघायचं. छताचे पोपडे. एवढंच.

आईने दोन्ही कामं सोडली. आता संध्याकाळी ती घरी असते. तिघं एका खोलीत असतो, ताटं वाढलेली असतात. हेच हवं होतं मला.

कुणी जेवत नाही.

२० तारीख, गुरुवार

दुपार. ऊन थेट त्याच्या पलंगावर. आज त्याने डोळे उघडले, मला शोधलं. विचारलं, दमलीस का ताई.

नाही म्हटलं. खरंच नाही. इतकी ताजी आहे मी —

खुश झाला. परत मिटले.

गाठोडं छातीवर. आई हात पसरून तशीच बसून. कालपासून.

मी इकडे भिंतीला टेकून हे लिहिते आहे. हळू. एवढ्याने काय होणार, पेनाला असं कितीसं वजन —

आई एकदम त्याच्या हाताकडे बघते आहे.

त्याची बोटं हलतायत. चादरीवर. तीन बोटं जुळवलेली, पेन धरल्यासारखी. मी थांबले की थांबतात.

आता पुन्हा. हे लिहिताना. प्रत्येक अक्षराला त्याचा श्वास

बास. बंद करते. कायमचं बंद. फक्त एक ओळ, तुझ्यासाठी, नंतर वाचशील. शेपूट, मी तुला कधी म्हटलं नाही, पण तू माझा